दीड वर्ष उरले आहे आणि पाहायचे सगळे राहिले आहे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका मूळच्या पुण्याच्या. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पती अभियंता असल्याने हे कुटुंब दीड वर्षापूर्वी तुर्कस्तानातील बुर्सा येथे राहायला गेले. नोकरीचा करार तीन वर्षांचा आहे. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. इथे येण्याआधीच पत्रलेखिकेने पाहायच्या ठिकाणांची यादी केली होती: इस्तंबूल, कॅपाडोशिया, एफेसस, पामुक्कले, ट्रॉय, कोन्या आणि गोबेक्ली तेपे. मागच्या सुट्टीत एफेसस आणि पामुक्कले दोन दिवसांत उरकताना मुलगी उन्हाने रडकुंडीला आली, मुलगा ‘सगळे दगड सारखेच’ म्हणून पायरीवर बसून राहिला, आणि परतीच्या वाटेवर पतीने सांगितले की यापुढे सुट्टीला घरी राहायचे. दीरांनी फोनवर, ‘मुलांना आधी आपला इतिहास शिकवा, तुर्कांचा कशाला?’ असे विचारले. एप्रिलमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्या शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. पत्रलेखिका विचारतात: ‘आग्रह धरला तर घरात कुरबुर होते, सोडला तर ही संधी पुन्हा येणार नाही. मी काय करू?’

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सात ठिकाणांची नावे आहेत आणि त्या प्रत्येकाबद्दल तुम्ही पुष्कळ वाचले आहे, हे लगेच कळते. बुर्साचे नाव मात्र एकदाच येते, तेही पतीचा कारखाना कुठे आहे हे सांगण्यापुरते. तुमच्या प्रश्नाचा बराचसा उलगडा मला तिथेच दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्याआधी एक सांगायला हवे. तुमच्या तळमळीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परदेशी बदली झालेली कितीतरी कुटुंबे कारखाना, शाळा, बाजार आणि रविवारी चार भारतीय घरे एवढ्या रिंगणात वर्षे काढतात आणि त्या देशाची ओळख न होताच परत येतात. तुम्हाला तसे व्हायला नको आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आग्रह सोडा, असे मी सांगणार नाही. तो कशाचा धरायचा, हे मात्र पुन्हा तपासून पाहू या.

तुमची यादी आठ दिवसांच्या सहलीवर आलेल्या प्रवाशाची आहे. त्याला परत यायचे नसते, म्हणून तो सकाळी एक आणि दुपारी एक असे पाहत सुटतो. तुमच्या हाताशी दीड वर्ष आहे, राहते घर आहे, ओळखीचा भाजीवाला आहे. प्रवाशाला जे कधीच साधत नाही ते तुम्हाला सहज साधेल, ते म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे. ‘सगळे दगड सारखेच’ हे मुलाचे म्हणणे मी उद्धटपणा समजणार नाही. दोन दिवसांत दोन प्राचीन नगरे ऐन उन्हात पायाखाली घातली तर मोठ्या माणसालाही दगड सारखेच दिसू लागतात, फक्त मोठी माणसे तसे बोलून दाखवत नाहीत.

आता बुर्साकडे वळू. १३२६ साली ओरहानने हे शहर घेतले आणि ते उस्मानी, म्हणजे ऑटोमन, राज्याची राजधानी झाले. इस्तंबूल त्यांच्या हाती यायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे अवकाश होता. उस्मान आणि ओरहान या पहिल्या दोन उस्मानी राज्यकर्त्यांच्या कबरी तुमच्याच शहरात, तोपहाने टेकडीवर आहेत. पुस्तकांत ज्याला उस्मानी साम्राज्य म्हणतात, त्याचे बालपण तुमच्या बसथांब्यांच्या आसपास गेलेले आहे. ‘बुर्सा आणि जुमालीकिझिक’ या नावाने युनेस्कोने २०१४ मध्ये हे शहर आणि शेजारचे जुने गाव जागतिक वारसा यादीत घेतले, ते याच कारणाने.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुलतान पहिल्या बायझिदने बांधलेली उलू जामी ही मशीद वीस घुमटांची आहे. तिच्या आत, मधल्या घुमटाखाली, वजू करण्याचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, कारंजे आहे आणि त्याच्या पाण्याचा आवाज सगळ्या मशिदीभर ऐकू येतो. भिंतींवर आणि खांबांवर इतकी मोठाली अक्षरे काढली आहेत की वाचता येत नसले तरी एखादे अक्षर ओळखीचे होऊ लागते. पहिल्या खेपेला मुलगी वीस घुमट मोजेल. दुसऱ्या खेपेला तिला भिंतीवरचे एकच अक्षर वहीत काढायला सांगा. अर्धा तास पुरे, त्याहून अधिक थांबू नका. शुक्रवारी दुपारच्या आणि इतर नमाजांच्या वेळा टाळा, पादत्राणे बाहेर काढा, डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ असू द्या.

तिथून चार पावलांवर कोझा खान आहे. ही १४९१ सालची रेशीम व्यापाऱ्यांची सराय असून मधल्या चौकात झाडांखाली चहाची टेबले असतात, आणि वरच्या मजल्यावर आजही रेशमी वस्त्रांची दुकाने आहेत. या जागेला मी तुमच्या सासूबाईंचे नाव देऊन ठेवते. ज्या बाईने जन्मभर पैठण्या हाताळल्या, पदर उलटा करून विणकर पारखला, तिला या दुकानांत शिरल्यावर कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही. उलट त्यांनी नातीला कापड कसे पारखायचे ते दाखवावे. चौकात बसून चहा घेता येतो, त्यामुळे गुडघ्यांवरही फारसा ताण येणार नाही.

दीरांच्या प्रश्नाचे उत्तर मी मुरादिये या कबरस्थानात शोधेन. तिथे उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादची कबर आहे. १४५१ मध्ये तो वारला. आपल्या कबरीवर पावसाचे पाणी पडावे, अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्या घुमटाचा माथा उघडा ठेवलेला आहे आणि खाली दगडी वेढ्यात साधी माती आहे. आता हा मुराद आणि आपण यांचा काय संबंध? विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फेरिश्ताने अशी कथा नोंदवली आहे की आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा याच मुरादचा मुलगा. थोरला भाऊ दुसरा मेहमद गादीवर येताच त्याला मारले जाणार होते, म्हणून आईने मूल बदलून त्याला एका व्यापाऱ्याबरोबर इराणात पाठवले आणि पुढे तो दख्खनला आला. बहुतेक इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. पण आदिलशाहीला आपले कूळ उस्मानी म्हणवून घ्यावेसे वाटले, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. शहाजीराजे ज्या दरबारात सरदार होते, त्या दरबाराची नजर बुर्सा-इस्तंबूलकडे अशी लागलेली होती. शिवकाळ पाठ असलेल्या १४ वर्षांच्या मुलाला हे त्या कबरीसमोर उभे करून सांगा आणि कथा खरी की खोटी हे कसे ठरवायचे, ते त्यालाच विचारा. इतिहासाच्या अभ्यासाची याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

असे धागे आणखीही आहेत. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत ओतली गेली, आणि ती ओतणारा महंमद बिन हसन रूमी हा उस्मानी मुलखातून आलेला कारागीर होता. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन इराकमधील कुत येथे उस्मानी सैन्याच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांना रखडत उत्तरेकडे चालवत नेले आणि त्यांतल्या पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून ही माणसे गेली, त्यांच्यासाठी अनातोलिया, म्हणजे तुर्कस्तानचा आशियातला भाग, हा परका मुलूख राहिलेला नाही. दीरांना वाद घालून हे पटवू नका. पुतण्याला सुट्टीत काकांना फोन करून मुरादची गोष्ट सांगू द्या.

इतिहासाचा एक अवघड भागही आहे आणि तो मुलांपासून लपवू नये, असे माझे ठाम मत आहे. १४५३ मध्ये उस्मानींनी इस्तंबूल घेतले, त्याला तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलांच्या पुस्तकात ‘विजय’ म्हणतात, ग्रीक मुलांच्या पुस्तकात ‘पाडाव’. मुदान्या या बुर्साजवळच्या बंदराच्या पलीकडे समुद्रकाठी त्रिल्ये नावाचे ऑलिव्हच्या मळ्यांचे गाव आहे. तिथली जुनी घरे आणि चर्च ज्या ग्रीक लोकांनी बांधली ते आता तिथे नाहीत, कारण १९२३ च्या करारानुसार अनातोलियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधील मुसलमान यांची सक्तीने अदलाबदल झाली. आपल्याकडची फाळणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यातले दुःख वेगळे समजावून द्यावे लागत नाही. १९१५ मध्ये अर्मेनियन लोकांची हद्दपारी झाली, प्रचंड कत्तली झाल्या. त्याला वंशसंहार म्हणावे की नाही यावर तुर्की सरकारची भूमिका आणि जगातल्या बहुसंख्य इतिहासकारांची भूमिका वेगवेगळी आहे. मुलाने विचारले तर घरी, सावकाश, दोन्ही बाजू वाचून बोला. शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर हा विषय पाहुण्याने काढू नये. तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्याबद्दल बोलतानाही तोल सांभाळा, कारण तिथे ती अतिशय हळवी जागा आहे. त्याच्या स्मृतिदिनी, १० नोव्हेंबरला, सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगा वाजतो आणि रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहतात, गाड्या थांबतात. त्या वेळी मुलांना घेऊन खाली रस्त्यावर उभे राहा. एखाद्या संग्रहालयाइतकेच त्यांना त्यातून कळेल.

आता माणसांविषयी बोलू. तुमच्या पत्रात एकाही तुर्की माणसाचा उल्लेख नाही आणि मला यादीपेक्षा याची काळजी अधिक वाटते. बुर्सा हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. बाल्कन प्रदेशातून एकोणिसाव्या शतकापासून निर्वासितांचे लोंढे इथे आले. १९८९ मध्ये बल्गेरियातून तीन लाखांहून अधिक तुर्की वंशाचे लोक तुर्कस्तानात आले, त्यांतली पुष्कळ कुटुंबे बुर्सातच स्थिरावली. तुमच्या इमारतीतल्या एखाद्या आजींना त्यांचे मूळ गाव विचारून पाहा. आपले गाव सोडून आलेल्या माणसाला तुमचे एकटेपण चटकन समजते. मोहरमच्या महिन्यात धान्ये, कडधान्ये आणि सुका मेवा घालून शिजवलेली आशुरे नावाची गोड खीर शेजारीपाजारी वाटतात. तो वाडगा आला तर रिकामा परत करायचा नाही, हा रिवाज तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्यात शंकरपाळी घाला, तिळगूळ घाला. ईदेच्या दिवशी मुलांना शेजारच्या ज्येष्ठांकडे पाठवा. तिथे थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावतात, मग तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन्या नावाचे सुगंधी पाणी ओततात आणि हातावर गोळी-चॉकलेट ठेवतात. दसऱ्याला सोने देऊन पाया पडणाऱ्या मुलांना यात अवघडायला होणार नाही. भाषेचा थोडा अभ्यास तुम्ही स्वतः आधी सुरू करा. नगरपालिकांच्या वर्गांची चौकशी करा. मुलगी तुम्हाला लवकरच मागे टाकेल, आणि तिला मागे टाकू द्या.

तुमच्या पतींचा थकवा हा तुमच्या उत्साहाला विरोध आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. आठवडाभर तुर्की माणसांत वावरणारे घरातले बहुधा ते एकटेच आहेत. चहाच्या सुट्टीत कोण काय बोलते, कोणाच्या गावी चेरी पिकतात, कोणाच्या घरी लग्न आहे, हे त्यांना ठाऊक असते. तुम्ही पुस्तकांतून जे शोधता आहात त्यातले पुष्कळ ते रोज संध्याकाळी घरी आणत असतील आणि त्यांना कोणी विचारत नसेल. त्यांना विचारा. एखाद्या सहकाऱ्याच्या कुटुंबाला जेवायला बोलवा. महिन्यातले दोन रविवार कुठेही न जाण्याचे ठरवून टाका आणि तो शब्द पाळा. उरलेल्या दोन रविवारी अर्धाच दिवस बाहेर पडा, आणि त्यांतल्या एकाला तरी गाडी चालवायची नाही, शहराच्या बसने किंवा मेट्रोने जायचे.

मुलाला फुटबॉल आवडतो की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. आवडत असेल तर बुर्सास्पोरच्या सामन्याला बापलेकांना दोघांनाच पाठवा. २०१० मध्ये या क्लबने इस्तंबूलच्या मातब्बर संघांना मागे टाकून देशाचे विजेतेपद मिळवले. पुढे तो खालच्या श्रेणीत घसरला, तरी शहराने त्याला सोडले नाही. शिवाय मगरीच्या आकाराचे स्टेडियम पाहून कोणता मुलगा कंटाळेल? मुलीसाठी कारागोझ आहे. दिव्याच्या उजेडात कातडी बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून दाखवायचा हा खेळ बुर्सा आपला मानते. ओरहानची मशीद बांधणारे दोन कामगार कारागोझ आणि हाजीवात यांनी थट्टामस्करीत काम रखडवले म्हणून त्यांना देहदंड झाला आणि पुढे त्यांच्या बाहुल्या झाल्या, अशी दंतकथा आहे. शहरात त्याचे छोटे संग्रहालय आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तिला आधी दाखवलात, तर ती दोन्हीकडच्या बाहुल्यांचे हातपाय कसे जोडलेत ते बारकाईने पाहील.

मग मोठ्या प्रवासांचे काय? ते तीनच ठेवा. पहिला जवळचा असू द्या: इझनिक. सुमारे ८० किलोमीटरवर तळ्याकाठी वसलेले हे तटबंदीचे गाव म्हणजे जुने नायसिया, जिथे ३२५ साली ख्रिस्ती धर्माची पहिली सार्वत्रिक परिषद भरली, आणि जिथल्या सोळाव्या शतकातल्या निळ्या-तांबड्या फरशांनी इस्तंबूलच्या मशिदी सजल्या. आजही तिथल्या लहान कार्यशाळांत फरशी रंगवताना पाहता येते. तिथे एक रात्र राहा. दुसरा प्रवास कोन्याचा, पण सरळ कोन्याला न जाता वाटेत अकशेहिरला थांबून करा. तिथे आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या नसरुद्दीनची कबर आहे, दाराला भलेमोठे कुलूप आणि बाजूंना मोकळे खांब. मुले हसतील आणि मग कोन्यात, १२७३ साली निवर्तलेल्या सूफी कवी मौलाना रूमींच्या समाधीपाशी, थोडी शांत राहायला तयार होतील.

तिसरा प्रवास मुलाला ठरवू द्या. त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवा: गॅलिपोली, जिथे १९१५ मध्ये शीख आणि गुरखा शिपाई लढले आणि हेलिस स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत, किंवा अंकाराच्या पूर्वेला साधारण दोनशे किलोमीटरवर असलेले हित्ती या प्राचीन लोकांचे हत्तुशा, जिथे सापडलेल्या सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या मितन्नी राज्याशी झालेल्या तहाच्या मृत्तिकापटांवर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवतांना साक्षी ठेवले आहे. बस कोणती, मुक्काम कुठे, खर्च किती हे सगळे त्यानेच काढायचे. चुकले तर चुकू द्या. कॅपाडोशिया आणि गोबेक्ली तेपे या वेळी राहिले तरी चालेल. ही दोन्ही ठिकाणे पुढे भारतातून येऊनही पाहता येतील; शेजारच्या आजींचा आशुरेचा वाडगा मात्र परत गेल्यावर मिळणार नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. दोन्ही ईदांच्या सुट्ट्यांत सगळा देश आपापल्या गावी निघतो, त्यामुळे रस्ते आणि बस भरलेल्या असतात. ते दिवस शेजाऱ्यांसाठी ठेवा, प्रवास आधी किंवा नंतर करा. संग्रहालयांच्या तिकिटांवर परदेशी पर्यटक आणि स्थानिक रहिवासी यांचे दर वेगळे असतात. निवास परवाना जवळ बाळगा आणि सवलत आहे का ते खिडकीवर विचारत चला.

सासूबाईंच्या जेवणाची चिंता करू नका. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, पालक-चीज घातलेली गोझलेमे ही पोळी, मसुराचे सूप हे त्यांना रुचेल. फक्त सूप मांसाच्या पाण्यात केले आहे का आणि पानातल्या सारणात खिमा आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यायला हवे. त्यांना पहिले दोन आठवडे कुठेही नेऊ नका. सकाळी घराजवळच्या बागेत आणि आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जा. बाजारात म्हाताऱ्या बायका भाषेवाचूनही भाव करतात आणि ओळखी काढतात. सासूबाई २३ एप्रिलच्या आत पोहोचणार असतील तर तिकीट तसेच ठेवा. १९२० साली त्या दिवशी अंकाराला राष्ट्रीय सभा भरली आणि अतातुर्कने तो दिवस मुलांना दिला. शाळाशाळांतून मुले नाचगाणी करतात. नातीच्या वर्गाचा कार्यक्रम असेल तर आजीने पुढच्या रांगेत बसावे, आणि त्याआधी आठवडाभर तिचा पोशाख घरी बसून आजीनेच शिवावा. कापड कोझा खानातून आणता येईल.